पाचव्या प्रकरणासाठी काशी

काशीहून परतल्यापासून माझ्या तिथल्या मुक्कामाच्या दोन कहाण्या आमच्या निवृत्त मंडळींत फिरत आहेत. पहिलीनुसार एक तरुण संशोधक मुलगी माझ्या विरोधात बोलली, एवढ्याच कारणावरून मी तिची पदवी अडवली. दुसरीनुसार तिने भर सभेत मला निरुत्तर केले आणि मी पडेल चेहऱ्याने साताऱ्याची वाट धरली. या कहाण्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी काशीत नव्हता. मी होतो. तेव्हा जे झाले ते मीच सांगणे उचित.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. काशीविषयी लिहिणारे बहुतेक लोक नदीच्या आधी मृत्यूविषयी लिहू लागतात. मी धातुशास्त्रज्ञ आहे. ज्या केंद्रात मी आयुष्य काढले त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अणुभट्टीच्या गाभ्यात राहून आलेल्या धातूंचे काय होते हे पाहणे, एवढेच माझे काम होते. ते धातू हातात धरता येत नाहीत. जाड भिंतींच्या कोठडीत ते ठेवतात, आणि बाहेर उभे राहून, शिसे मिसळलेल्या हातभर जाडीच्या काचेतून पाहत, यांत्रिक हातांनी हाताळतात. ती काच पिवळसर असते. माझी तिशी, चाळिशी आणि पन्नाशी मी त्या पिवळ्या उजेडात पाहिली आहे.

म्हणून पौषातल्या सकाळी काशीच्या धुक्यात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला परकेपणा वाटला नाही. सूर्य कुठेतरी होता. त्याचा उजेड धुक्यात विरघळून सगळीकडे सारखा पिवळा झाला होता. नदी दिसत नव्हती, पलीकडचा काठ तर मुळीच नाही. नावा मध्येच प्रकट होत आणि मिटून जात. मला वाटले, काचेपलीकडे जायची मुभा मला अखेर मिळाली आहे.

शिंदे घाटाखाली

एका लहान संशोधनसंस्थेने मला पीएच.डी.च्या एका प्रबंधासाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून बोलावले होते. परीक्षेला दोन दिवस अवकाश होता, म्हणून नाव केली. नावेत माझ्याशिवाय नागपूरकडचे एक बँक अधिकारी होते, बदलीवर इथे आलेले. शिंदे घाटाशी पाण्यात एका बाजूला कललेले देऊळ आहे. नावाड्याने वल्ही थांबवून त्याची गोष्ट सांगितली: कुणा मुलाने आईसाठी देऊळ बांधले, आणि आता तुझे ऋण फिटले असे म्हणाला, त्याच क्षणी देऊळ कलले. बँक अधिकाऱ्यांनी ती खोडून काढली. त्यांच्या मते हे भूकंपाचे काम.

मी दोघांनाही सांगितले की वर जड दगड, खाली भिजलेला गाळ आणि भरपूर काळ, एवढे पुरे आहे. भार टिकून राहिला की घन दिसणाऱ्या वस्तूही हळूहळू सरकतात. आमच्या शास्त्रात याला विसर्पण म्हणतात. त्यासाठी ना शाप लागतो ना भूकंप.

नावाडी शांतपणे म्हणाला, "बाबूजी, आपकी बात ठीक होगी. लेकिन किराया लोग माँ वाली कहानी का देते हैं."

यावर बँक अधिकारी इतके हसले की नाव हलली. मी हसलो नाही. पण ती नाव धुक्यातून सरकत असताना, मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर आणि नदीचे धुके कुठे एकमेकांत मिसळतात ते ओळखू येईनासे झाले, आणि काही काळ मला वाद घालण्याची इच्छा उरली नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

अतिथिगृहात आलेले जेवण

संस्थेचे अतिथिगृह गल्लीत खोल होते. तिथे पोहोचलो तेव्हा व्यवस्थापकाने सांगितले की एक गुरुजी माझी वाट पाहत बसले आहेत. पाहतो तर धोतर, शाल, कपाळावर गंध अशी ऐंशी उलटलेली मूर्ती, आणि शेजारी पितळी डबा. मला पाहताच ते उठले.

ते रामघाटावरच्या एका मराठी वैदिक घरातले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वेद शिकवणारे. वैदेही ही त्यांची नात. उमेदवार म्हणून माझ्यासमोर परवा बसणारी मुलगी तीच. मी तत्काळ सांगितले की परीक्षकाने उमेदवाराच्या घरचे अन्न खाणे शिष्टसंमत नाही.

"म्हणून तर घरी नाही बोलावलं, डबा घेऊन आलो," आबा म्हणाले. त्यांना तिथे सगळे आबाच म्हणतात. "आमच्या घराण्याची रीत आहे. ज्याच्या मताचं खंडन करायचं, त्याला आधी आपल्या हातचं जेवू घालायचं. प्रतिपक्षी उपाशी असला तर वाद पोटाशी होतो, मताशी होत नाही."

मी म्हणालो की मी प्रतिपक्षी नाही, परीक्षक आहे.

"तेच की. पाचव्या प्रकरणात पोरीनं तुमचंच मत खोडलंय ना?" आबांनी डबा उघडला. "मी तर चकित झालो. ज्याचं खंडन, तोच परीक्षक! म्हटलं, ही संस्था बिलकुल काशीची आहे."

प्रबंध मी साताऱ्याहून निघण्यापूर्वी अथपासून इतिपर्यंत वाचला होता. त्यात चार प्रकरणे होती.

मी डब्यात पाहिले. समोर भात होता, आमटी होती, आणि हिरव्या मटारांचा निमोना होता, हा इथला पदार्थ. परंतु या घराने त्यात गोडा मसाला घातला होता. निमोन्यात गोडा मसाला घालू नये असे माझे मत आहे. आबांना मी ते सांगितले. त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितले की त्यांच्या पणजीपासून तो घातला जातो आणि काशीतल्या एकाही मटाराने तक्रार केलेली नाही. मग मी जेवलो. डबा रिकामा झाला हेही सांगितले पाहिजे, कारण आबा ते कुणालाही सांगतील.

ते गेल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसलो. काय घडले असावे ते उघड होते. मुलीने माझ्या विरुद्ध लिहिले. मी परीक्षक म्हणून येणार असे ठरताच कुणीतरी आदरापोटी ते प्रकरण काढून टाकले. वडीलधाऱ्या माणसाच्या पायाखालचा खडा उचलावा, तसे. आणि आबांच्या स्वप्नातही आले नाही की विरोधी मत प्रतिपक्ष्याच्या नजरेआड करता येते. त्यांच्या शास्त्रात आधी समोरच्याचे मत त्याच्याहूनही चांगले मांडायचे असते, मग खोडायचे.

मला राग आला. लोक समजतात की मला विरोधाचा राग येतो. विरोधाचा मला कधीच राग आलेला नाही. विरोध गिळून हात जोडणाऱ्यांचा येतो.

रामघाटाच्या पायऱ्या

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियम मोडला, आणि तो समजून उमजून मोडला. मी रामघाटावर गेलो.

गल्ली इतकी अरुंद की समोरून येणाऱ्या गाईला आधी जाऊ द्यावे लागले. एका कोपऱ्यावर मातीच्या भांड्यात मलइयो विकत होते: थंडीत रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस. तोंडात घातला की काहीच उरत नाही, फक्त गोडी राहते. आमच्याकडे दुधाला असे कुणी वागवत नाही. आम्ही ते आटवतो.

आबांच्या दारावरून घनपाठ ऐकू येत होता. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पहिला शब्द, दुसरा, दुसरा, पहिला, पहिला, दुसरा, तिसरा, तिसरा, दुसरा, पहिला, पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा. शब्द सतत जागा सोडतात आणि परत येतात, आणि या येरझाऱ्यांमुळेच मूळ पाठ शतकानुशतके जागचा हललेला नाही. मी उंबऱ्याशी उभा राहून ऐकत राहिलो. धुके गल्लीतही आले होते. त्या आवाजात मला माझा धातू दिसू लागला.

कारण अणुभट्टीत हेच चालते, फक्त कुणी गुरुजी नसतात. न्यूट्रॉन येऊन धातूच्या अणूवर आदळतो. तो अणू जागा सोडून फेकला जातो, शेजाऱ्यांना ढकलतो, तेही ढळतात, मागे रिकाम्या जागा उरतात. बहुतेक अणू निमिषात कुठेतरी परत बसतात, पण आपल्याच जागी बसतील असे नाही. नळीच्या आयुष्यात तिच्यातला प्रत्येक अणू अनेकदा घर सोडून गेलेला असतो, आणि तरी बाहेरून नळी तीच दिसते. पोलाद या माराने ठिसूळ होते. झिर्कोनियम नावाच्या धातूचे, ज्याच्या नळ्यांत आपले इंधन ठेवतात, नवल वेगळे आहे. त्याचा स्फटिक एका दिशेने वाढतो, दुसऱ्या दिशेने आखडतो. वजन तेच, आकारमान तेच; नळी मात्र लांब होत जाते. लांबायला दोन्ही टोकांशी मोजकीच जागा ठेवलेली असते. ती संपली की नळी बदलावी लागते.

वैदेही बाहेर आली ती मला पाहून दचकली. मग तिने वाकून नमस्कार केला, आणि आम्ही पायऱ्यांवर बसलो. तिचे मराठी घरातले, गोड आणि हिंदीत भिजलेले. मी विचारले, पाचवे प्रकरण कुठे आहे?

तिने घराकडे पाहिले. आबांनी सांगितले असणार, हे तिला तत्क्षणी कळले. "मी नाही काढलं, सर. काढवलं गेलं." मार्गदर्शक त्रिपाठीजी माणूस वाईट नव्हेत, असे ती म्हणाली; ते तिला इतकेच म्हणाले होते की इतक्या ज्येष्ठ माणसाला आपण बोलावतो आणि त्याच्याच तोंडावर त्याचे मत खोटे ठरवतो, हे शोभत नाही. चार प्रकरणे पदवीला पुरेशी आहेत.

मी म्हणालो, मग उद्या मी तेच विचारीन. तिचा चेहरा उतरला.

"नका विचारू, सर." ती हळू बोलत होती. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती, परंतु महिनाअखेर पदवी हातात असेल तरच. उद्या सगळे सुरळीत झाले तर ती वेळेत पोहोचत होती. प्रकरणाचा विषय निघाला तर ते प्रबंधात घाला असे म्हणतील, पुन्हा तपासणी होईल, आणि जागा दुसऱ्याला जाईल.

मी आबांचे नाव घेतले; प्रतिपक्षाला सामोरे जाण्याची त्यांची रीत सांगितली.

"आबांना नोकरी शोधायची नाहीये," ती म्हणाली.

खाली पाण्यावर पांढरे पक्षी उतरले होते. दर हिवाळ्यात ते फार लांबून येतात म्हणे. एक नाव त्यांच्यातून गेली तेव्हा सगळे उडाले, आणि पुन्हा पाण्यावर बसले. कुणी आधीच्या जागी बसला का, ते सांगता येत नव्हते. मी इतकेच म्हणालो की उद्या मी विचारणार नाही. मग, माझ्याने राहवेना म्हणून, तिने काय खोडले आहे ते तरी विचारले.

तिने सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज बदलला. माझे मत जुने आहे आणि बहुतेकांना ठाऊक आहे: नळीची वाढ सुरुवातीनंतर मंदावते, पुढे ती पुन्हा वेग घेत असेल तर दोष पाण्यातून धातूत शिरलेल्या हायड्रोजनचा. हायड्रोजनला आवर घाला, नळी टिकेल. वैदेहीचे म्हणणे असे की हायड्रोजन नसतानाही, रिकाम्या जागा कालांतराने एकत्र येऊन चकत्यांसारख्या पसरतात आणि वाढीला पुन्हा वेग येतो. म्हणजे माझे खरे असेल तर ते वार्धक्य बाहेरून येते आणि टाळता येते. तिचे खरे असेल तर ते धातूत पहिल्या दिवसापासून वाट पाहत असते.

मी उठलो. अधिक ऐकले असते तर तिथेच वाद सुरू झाला असता.

परीक्षा

मी शब्द पाळला. अध्यक्षांनी प्रश्न विचारले, मी विचारले, तिने नीट उत्तरे दिली. त्रिपाठीजी कोपऱ्यात हसतमुख बसले होते. चहा आला. अध्यक्षांनी मला विचारले, आणखी काही? मी नाही म्हणालो. हा शब्द उच्चारताना मला माझ्या अंगात दुसराच कुणी बसला आहे असे वाटले. संमतिपत्र माझ्यापुढे सरकवले गेले. मी लेखणीचे टोपण काढले.

तेव्हा वैदेही म्हणाली, "सर, एक प्रश्न राहिला."

अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितले की प्रश्न विचारण्याचे काम परीक्षकांचे असते.

"हो. पण ह्यांनी तो मुद्दाम विचारला नाही," ती म्हणाली, आणि मराठीतून थेट माझ्याकडे वळली. "काल मीच नको म्हटलं होतं. घरी गेल्यावर आबांच्या पुढे जेवायला बसता येईना."

खोलीत ते मराठी बाकी कुणाला कळले नाही. तिने तेच हिंदीतून सांगितले, आणि फळ्याकडे गेली. सर्वांत आधी तिने माझे मत मांडले. मी सांगतो, माझ्या मतासाठी मी स्वतः इतकी चांगली बाजू क्वचितच लढवली असेल. हायड्रोजनच्या बाजूने तिने असा एक मुद्दा काढला जो माझ्याकडून लिहायचा राहिला होता. आणि मग ती खोडू लागली.

नंतरचा काळ मला अखंड आठवत नाही, धुक्यातल्या घाटांसारखा तुकड्यातुकड्यांनी आठवतो. तिने निर्वात भट्टीत तापवून हायड्रोजन काढून टाकलेल्या पातळ पट्ट्या घेतल्या होत्या आणि त्यांच्या एकाच बाजूवर आयनांचा मारा केला होता. एक बाजू वाढली तर पट्टी वाकते. पट्ट्या वाकल्या होत्या, हळूहळू थांबल्या होत्या, आणि पुढे पुन्हा वाकू लागल्या होत्या, सुकत्या पानासारख्या. मी म्हणालो, आयनांचा मारा म्हणजे वर्षांचे काम तासांत उरकणे. घाईने म्हातारे केलेल्या धातूची साक्ष मी का मानू? ती म्हणाली की वेग कमी करूनही तिने पाहिले आहे. मी म्हणालो, इतक्या पातळ पट्टीत पृष्ठभागच सगळा गोंधळ करतो. ती म्हणाली, जाड पट्टीचे काम चालू आहे. मी म्हणालो, चालू आहे म्हणजे झालेले नाही. ती म्हणाली, "झालेलं नाही, पण तुमचंही झालेलं नाही, सर. तुमच्या सगळ्या नळ्यांत हायड्रोजन होताच. नसलेली नळी तुम्ही कधी पाहिलीत?"

पाहिली नव्हती. अणुभट्टीतून तशी नळी येतच नाही. मी हे तिला सांगितले आणि पुढे म्हणालो की म्हणूनच तिच्या पट्ट्या खऱ्या जगातल्या नाहीत. माझा हा मुद्दा आजही उभा आहे. मी निरुत्तर झालो असे म्हणणाऱ्यांनी तो आधी पाडावा.

चहावर साय धरली होती. अध्यक्षांनी अखेर हात वर केला आणि नियम सांगितला. जे प्रबंधात नाही त्याचा विचार समिती करू शकत नाही. दोन मार्ग होते. संमतिपत्रावर आत्ता स्वाक्षऱ्या होतील, चार प्रकरणांवर, आणि आजची चर्चा झालीच नाही असे धरले जाईल. किंवा प्रकरण घालून प्रबंध पुन्हा सादर करावा, पुन्हा तपासणी, पुन्हा परीक्षा. त्रिपाठीजींनी तिला हिंदीत, अगदी वडिलांच्या मायेने, पहिला मार्ग घ्यायला सांगितले.

मी कोणताही मार्ग सुचवला नाही. माझ्या विरुद्धच्या कहाणीत हेच सोयीने गाळले जाते. लेखणी माझ्या हातात होती आणि मी सही करायला तयार होतो. चार प्रकरणे खरोखरच उत्तम होती.

वैदेही काही क्षण फळ्यावरच्या आपल्याच आकृतीकडे पाहत राहिली. मग तिने संमतिपत्र माझ्यापुढून उचलले आणि अध्यक्षांकडे परत दिले.

साताऱ्यात

ती जागा तिला मिळाली नाही. महिनाअखेर गेली, तिथे दुसऱ्या कुणाची नेमणूक झाली. हे मी लपवत नाही, आणि हे माझ्यामुळे झाले असे म्हणणाऱ्यांना मी उत्तरही देत नाही. त्यांनी तिला विचारावे.

मी विचारले. तिचा दूरध्वनी आला तेव्हा मी काय बोलावे ते जुळवत होतो, आणि अशा प्रसंगी बोलायचे शब्द मला आयुष्यात कधी नीट जुळलेले नाहीत. तुला त्या दिवसाचा पश्चात्ताप होतो का, असे मी विचारले.

ती म्हणाली, रात्री होतो, सकाळी नाही. मग तिने जाड पट्टीविषयी सांगायला सुरुवात केली. तीही पुन्हा वाकू लागली होती.

मी म्हणालो, "मोजण्यात चूक असेल. पुन्हा मोजा."

"मोजलंय, सर."

"तरीही पुन्हा मोजा."

पलीकडून नदीवरच्या भोंग्याचा आवाज आला, आणि ती हसली. "मग तुम्हीच या. तुमच्या समोर मोजते."

तिकीट मी काढले आहे.